न्यू हॅम्पशायरची ७,२११ मतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "२००० सालची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक म्हटली की सगळे फ्लोरिडाचं आणि तिथे रिपब्लिकन बुश ज्या ५३७ मतांनी जिंकले त्यांचं बोलतात. पण डेमोक्रॅट अल गोर यांना न्यू हॅम्पशायर हे चिमुकलं राज्य मिळालं असतं तरी ते फ्लोरिडाशिवाय अध्यक्ष झाले असते. तिथे ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांनी बावीस हजार मतं खाल्ली. म्हणजे गोर यांना नेडरनीच पाडलं ना?"

फ्लोरिडाशिवाय अध्यक्ष झाले असते, हे बरोबर. बावीस हजारांचा आकडाही बरोबर. चुकलंय ते क्रियापद. "खाल्ली" म्हटलं की ताट दुसऱ्या कुणाचं तरी होतं हे आपण न तपासताच कबूल करून बसतो, आणि तपासायचं नेमकं तेच असतं.

माझी ओळख दोन ओळींत. मतमोजणीचे आकडे चाळणं हा माझा धंदा. सुरुवात महाराष्ट्रातल्या मतदारसंघांच्या तक्त्यांनी झाली, आणि १९९८ पासून न्यू हॅम्पशायरच्या दक्षिण टोकाला, नॅशुआत राहतो. २००० मध्ये मला मत नव्हतं, मी नुसता बघ्या होतो. नागरिकत्व मिळाल्यावर काही निवडणुकांना आमच्या वॉर्डात मतदार यादी घेऊन टेबलाशी बसलो आहे.

आधी बेरीज उरकून टाकू. अमेरिकेत अध्यक्ष निवडतात ते ५३८ निर्वाचक, आणि जिंकायला त्यांतले २७० लागतात. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना २७१ मिळाले, गोर यांना २६६. एक मत कोरं राहिलं, कारण वॉशिंग्टन डी.सी.च्या एका निर्वाचकाने राजधानीला काँग्रेसमध्ये मताधिकार नाही याच्या निषेधार्थ मतपत्रिका कोरी टाकली. न्यू हॅम्पशायरचे निर्वाचक ४, आणि राज्य जिंकेल त्याला ते सगळे मिळतात. ते बुशकडून काढून गोरना द्या: बुश २६७, गोर २७०. कोरं मत कोरंच ठेवूनही गोर काठावर पास. फ्लोरिडातल्या अर्धवट भोकं पडलेल्या मतपत्रिका, सर्वोच्च न्यायालय, डिसेंबरपर्यंतचा घोळ, यांतलं काहीच निर्णायक ठरलं नसतं.

यावर कुणीही म्हणेल की मग टेनेसी घ्या, वेस्ट व्हर्जिनिया घ्या, बुशनी जिंकलेलं, चार किंवा जास्त निर्वाचकांचं कुठलंही एक राज्य फिरलं असतं तरी हेच झालं असतं. खरं आहे. गोर तर टेनेसीचेच, आणि घरचंच राज्य हरले. पण टेनेसीत फरक जवळपास ४ टक्क्यांचा होता, वेस्ट व्हर्जिनियात ६ टक्क्यांहून जास्त. बुशनी जिंकलेल्या राज्यांत फ्लोरिडाखालोखाल सर्वांत कमी फरक न्यू हॅम्पशायरमध्ये होता: १.२७ टक्के. म्हणून चर्चा या राज्याची.

अंतिम आकडे: बुश २,७३,५५९ (४८.०७ टक्के). गोर २,६६,३४८ (४६.८० टक्के). नेडर २२,१९८ (३.९० टक्के). बुशची आघाडी ७,२११. एकूण मतं ५,६९,०८१, म्हणजे आपल्याकडे एखाद्या जेमतेम मतदान झालेल्या लोकसभा मतदारसंघाएवढी. २००० च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या साडेबारा लाखांच्याही आतच होती.

राज्याचा स्वभाव कळल्याशिवाय या आकड्यांना चव नाही, म्हणून थोडं विषयांतर. मोटारीच्या नंबरप्लेटवर इथे राज्याचं ब्रीद असतं: स्वतंत्र जगा, नाहीतर मरा. व्यवहारात त्याचा पहिला अर्थ म्हणजे कर मागू नका. न्यू हॅम्पशायरमध्ये सर्वसाधारण विक्रीकर नाही आणि पगारावर राज्याचा आयकर नाही. आमच्या नॅशुआत राज्याच्या सीमेला खेटून एक मॉल आहे, त्यातल्या एका मोठ्या दुकानाच्या इमारतीचा कोपरा तिरका छाटलेला आहे. सरळ बांधला असता तर तो कोपरा मॅसॅच्युसेट्समध्ये गेला असता, आणि तिथे विक्रीकर लागतो. गाड्या लावायच्या पलीकडच्या राज्यात, खरेदी अलीकडच्या. नवे पाहुणे आले की मी त्यांना तो कोपरा दाखवायला नेतो. न्यू हॅम्पशायरचं राजकारण समजावून सांगायला तेवढा पुरतो.

विधानसभेच्या खालच्या सभागृहात ४०० सदस्य, आणि मानधन वर्षाला १०० डॉलर. शून्य विसरलेलं नाही, शंभरच. त्यामुळे आमदार म्हणजे शेजारचा निवृत्त शिक्षक किंवा पलीकडच्या गल्लीतला प्लंबर. मतदानाची पद्धतही तशीच घरगुती. शाळेच्या जिमखान्यात टेबलं मांडलेली, दाराशी शाळेच्या मदतीसाठी केक-बिस्किटं विकणारे पालक, बाहेर थंडीत उमेदवारांचे फलक धरून उभे राहिलेले कार्यकर्ते. मतदार आपलं नाव मोठ्याने सांगतो, टेबलावरचा माणूस ते मोठ्याने परत म्हणतो, मग छापील यादीवर फूटपट्टी ठेवून नावावर रेघ मारतो. २००० मध्ये ओळखपत्रसुद्धा मागत नसत. यादीत नाव नसेल तर त्याच दिवशी, तिथेच नोंदणी करून मत देता येतं. मतपत्रिका कागदी. शहरांत ती यंत्रातून जाते, खेड्यांत हाताने मोजतात. भोकं पाडायची यंत्रं नसल्यामुळे फ्लोरिडासारखा तमाशा व्हायला वावच नव्हता.

उत्तरेला डोंगरात डिक्सव्हिल नॉच नावाची वस्ती आहे. १९६० पासून तिथले मूठभर मतदार मतदानाच्या दिवशी मध्यरात्रीच्या ठोक्याला मत देतात आणि काही मिनिटांत निकाल लागतो. २००० मध्ये तिथे बुश २१, गोर ५, नेडर १. पहिली मतपत्रिका दरवेळी टाकायचे ते तिथल्या हॉटेलचे मालक नील टिलॉटसन. रबरी हातमोज्यांच्या धंद्यात मोठे झालेले गृहस्थ, वयाची शंभरी ओलांडलेले. पुढच्याच वर्षी, १०२ व्या वर्षी ते गेले. टीव्हीवाल्यांचं हे आवडतं दृश्य आहे. त्यावरून राज्याचा कल ओळखू नका, एवढंच.

आता मुख्य मुद्दा. कुणी कुणाची मतं खाल्ली हे बोलायच्या आधी मी एक साधं गुणोत्तर काढतो: पराभवाचा फरक भागिले तिसऱ्या उमेदवाराची मतं. तिसऱ्याच्या दर शंभर मतदारांमागे हरलेल्याला जिंकणाऱ्यापेक्षा किती जास्त मिळायला हवे होते, ते यातून कळतं. "जास्त" हा शब्द महत्त्वाचा. तिसरा नसता तर त्याचे काही मतदार इकडे गेले असते, काही तिकडे, आणि बरेच घरी बसले असते. आपल्याला हवी ती वजाबाकी.

फ्लोरिडात नेडरना ९७,४८८ मतं होती आणि फरक ५३७. म्हणजे शंभरात एकाची आघाडीसुद्धा नको, अर्ध्यावर भागतं. तिथे नेडर उभे नसते तर निकाल फिरला असता, हे म्हणायला फार धाडस लागत नाही.

न्यू हॅम्पशायरमध्ये ७,२११ भागिले २२,१९८. उत्तर ३२.५. दर शंभर नेडर मतदारांमागे गोरना बुशपेक्षा तेहतीस जास्त मिळायला हवे होते. त्यांतले तीस घरी बसले असते असं धरा. उरले सत्तर. त्यांतले किमान बावन्न गोरना आणि फार तर अठरा बुशना गेले पाहिजेत, म्हणजे जवळपास तिनास एक. हे अशक्य नाही, पण आपोआप होणारंही नाही.

त्या दिवशी मतदान करून बाहेर पडलेल्यांना देशभर विचारलं होतं. त्यात नेडरच्या मतदारांपैकी साधारण निम्मे म्हणाले, नेडर नसते तर गोरना दिलं असतं. पाचव्या हिश्श्याच्या आसपास बुशकडे वळले असते, बाकीचे मतदानालाच आले नसते. हेच प्रमाण न्यू हॅम्पशायरला लावून बघा. गोरना ११,०९९, बुशना ४,४४०, निव्वळ फायदा ६,६५९. आणि हवे होते ७,२११ च्या वर. गोर तरीही साडेपाचशे मतांनी पडतात! देशाचं प्रमाण एका राज्याला जसंच्या तसं लावणं हे ढोबळच काम आहे, आणि दोन-चार टक्के इकडेतिकडे झाले की उत्तर उलटतं. पण ज्या दाव्याचं उत्तर दोन-चार टक्क्यांनी उलटतं, तो "पाडलं ना?" असल्या ठसक्यात विचारू नये, एवढं मात्र नक्की.

हे गुणोत्तर आपल्याकडचं उदाहरण घेतलं की चटकन कळतं. २०१९ च्या लोकसभेनंतर "वंचितमुळे जागा गेल्या" ही यादी सगळ्यांनी वाचली असेल. त्या यादीत नांदेड आणि सोलापूर शेजारी शेजारी बसवलेले असत. नांदेडला अशोक चव्हाण ४०,१४८ मतांनी हरले आणि वंचितच्या उमेदवाराला १,६६,१९६ मतं होती: गुणोत्तर २४. सोलापूरला सुशीलकुमार शिंदे १,५८,६०८ मतांनी हरले आणि प्रकाश आंबेडकरांना १,७०,००७ मतं: गुणोत्तर ९३. दोन्हीकडे "वंचितची मतं पराभवाच्या फरकापेक्षा जास्त" हे वाक्य अगदी खरं. पण नांदेडचा दावा ऐकून घेण्यासारखा आहे, आणि सोलापुरात आंबेडकरांचे शंभरातले त्र्याण्णव मतदार निव्वळ काँग्रेसचे धरावे लागतात. एका तक्त्यात, एका रंगात रंगवलेल्या या दोन जागांची जात वेगळी आहे. न्यू हॅम्पशायर २००० ही या मोजपट्टीवर नांदेडच्या थोडी पुढची पायरी.

नेडर यांच्याबद्दल आणखी एक निरीक्षण, जे मला कुणी फारसं मांडताना दिसत नाही. न्यू इंग्लंडमध्ये सहा राज्यं. नेडर यांना त्या वर्षी व्हर्माँटमध्ये ६.९ टक्के, मॅसॅच्युसेट्समध्ये ६.४, ऱ्होड आयलंडमध्ये ६.१, मेनमध्ये ५.७, कनेक्टिकटमध्ये ४.४ टक्के मतं मिळाली. न्यू हॅम्पशायरमध्ये ३.९, सहांत सर्वांत कमी. इतर पाच राज्यं गोर सहज किंवा बऱ्यापैकी आरामात जिंकले. चुरस होती तिथेच नेडरची टक्केवारी सर्वांत खाली. आता याचं श्रेय मतदारांच्या हिशेबीपणाला द्यायचं की हे राज्य मुळात शेजाऱ्यांपेक्षा उजवीकडे झुकलेलं म्हणून, यावर वाद घाला. माझा कल थोडं थोडं दोन्ही असा आहे. पण जे नेडरवर शेवटपर्यंत ठाम राहिले ते गोरना द्यायला सर्वांत नाखूश असलेले, असा अंदाज यातून निघतो. कुंपणावरचे आधीच उतरून गेले होते. म्हणजे वरचं देशपातळीवरचं प्रमाण न्यू हॅम्पशायरपुरतं गोरच्या बाजूने जरा उदारच असण्याची शक्यता जास्त.

आता नेडर सोडा आणि चार वर्षं मागे चला. माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे.

१९९६ मध्ये बिल क्लिंटन यांनी हे राज्य जवळपास १० टक्क्यांच्या फरकाने जिंकलं. त्यांना मतं पडली २,४६,२१४. गोर यांना २००० मध्ये पडली २,६६,३४८. थांबून परत वाचा. क्लिंटन दणदणीत जिंकले त्यापेक्षा २०,१३४ मतं जास्त घेऊन गोर हरले. मतं घटली म्हणून ते हरलेले नाहीत.

मग झालं काय? १९९६ चे रिपब्लिकन उमेदवार बॉब डोल यांना १,९६,५३२ मतं होती. बुशना त्यापेक्षा ७७,०२७ जास्त पडली. दोन्ही मोठ्या पक्षांची मिळून ९७ हजार मतं वाढली, त्यांतली ७७ एकट्या बुशची. एकूण मतदान वाढलं जवळपास ७० हजारांनी. मग वरचे सत्तावीस-अठ्ठावीस हजार आणि नेडरचे बावीस हजार आले कुठून?

रॉस पेरो आठवतात? टेक्सासचे अब्जाधीश, टीव्हीवर तक्ते दाखवून सरकारी कर्जाचा हिशेब सांगणारे. १९९२ मध्ये त्यांना न्यू हॅम्पशायरमध्ये १,२१,३३७ मतं पडली, २२.६ टक्के. १९९६ मध्ये ४८,३९०. २००० मध्ये पेरो रिंगणात नव्हते. त्यांच्या रिफॉर्म पक्षाचं तिकीट पॅट ब्युकॅनन यांनी मिळवलं आणि त्यांना पडली २,६१५. शून्य विसरलेलं इथेही नाही. गंमत म्हणजे हेच ब्युकॅनन चार वर्षांपूर्वी याच राज्यात डोल यांना हरवून रिपब्लिकन पक्षाची प्राथमिक फेरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारं राज्यातलं मतदान) जिंकले होते, पन्नास हजारांहून जास्त मतं घेऊन.

१,२१,३३७, मग ४८,३९०, मग २,६१५. आठ वर्षांत एक अख्खा तिसरा पक्ष विरघळला. खर्चावर चिडलेले, करावर चिडलेले, दोन्ही पक्षांना नावं ठेवणारे हे मतदार, आणि छाटलेल्या कोपऱ्याच्या या राज्यात अशा माणसाचं मूळ घर बहुतेक वेळा रिपब्लिकनच असतं. १९८८ मध्ये थोरल्या बुशना इथे ६२ टक्क्यांवर मतं होती. पेरो आले आणि १९९२ मध्ये तेच थोरले बुश ६,५५६ मतांनी हे राज्य हरले. धाकट्या बुशच्या वेळी पेरो नव्हते.

म्हणून मी म्हणतो, तिसरा उमेदवार आल्यामुळे काय झालं याची चर्चा पंचवीस वर्षं चालली आहे, आणि आधीचा तिसरा उमेदवार गेल्यामुळे काय झालं याकडे कुणाचं लक्ष नाही. बंडखोर उभा राहिला की त्याच्या नावाने बोटं मोडतात. तो घरी बसला किंवा पक्षात परतला की ती मतं "आपलीच होती" म्हणून हिशेबातही धरत नाहीत. आपल्याकडेही वेगळं काय आहे.

माझ्याच दाव्याला माझीच मोजपट्टी लावली पाहिजे, नाहीतर हा पक्षपात झाला. १९९२ मध्ये गुणोत्तर काढलं तर ६,५५६ भागिले १,२१,३३७, म्हणजे साडेपाचाच्या आत. नेडर-गोर प्रकरणापेक्षा कितीतरी सोपं. तरीही त्या वर्षीच्या देशपातळीवरच्या पाहण्यांत पेरोचे मतदार क्लिंटन आणि बुश यांच्यात जवळपास समसमान वाटले गेले असते असं दिसलं होतं. समसमान म्हणजे वजाबाकी शून्य, आणि शून्य असेल तर साडेपाचसुद्धा पुरत नाही. म्हणजे गुणोत्तर लहान असणं हा पुरावा नाही, तो फक्त दरवाजा उघडा असल्याचं सांगतो. पेरोचे अठ्ठेचाळीस हजार सरळ उठून बुशच्या पंगतीत बसले असं मी म्हणत नाही. चार वर्षांत माणसं मरतात, येतात, जातात, आणि या राज्यात तर दरवर्षी मॅसॅच्युसेट्समधून नव्या माणसांची भर पडते. ७७ हजारांची वाढ एकट्या नव्या मतदारांतून येणं कठीण आहे, आणि डावीकडच्या नेडरवर सगळं खापर फोडताना उजवीकडच्या या घरवापसीचा उल्लेखही होत नाही, एवढंच माझं म्हणणं.

मॅसॅच्युसेट्सच्या लोकांचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज. मॅसॅच्युसेट्स डेमोक्रॅटिक, म्हणून तिथून येणारे न्यू हॅम्पशायरला डावीकडे ओढतात, असं सगळे गृहीत धरतात. माझा अनुभव उलटा आहे. सीमेलगतच्या सेलम, विंडम, पेलम अशा गावांत जे घर घेतात, ते बहुतेक करांना कंटाळून आलेले असतात आणि तसंच मत देतात. मुंबई महाग पडते म्हणून बदलापूरला गेलेला माणूस वेगळा आणि मुंबईच आवडत नाही म्हणून गेलेला वेगळा. राज्याला डावीकडे नेणारे जास्त करून नोकरी-शिक्षणासाठी लांबून आलेले, विद्यापीठांच्या गावांत राहिलेले. आमच्यासारखे भारतीय आयटीवाले त्या दुसऱ्या गटातले, पण २००० मध्ये आमच्यातल्या बहुतेकांच्या हातात व्हिसा होता, मतपत्रिका नव्हती.

दोन गोष्टी अजून सांगायला हव्यात, कारण त्या "गोर यांना इथे मतंच नव्हती" या उलट्या टोकाच्या दाव्याला उत्तर देतात.

त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर राज्यपालाचीही निवडणूक होती. डेमोक्रॅट जीन शाहीन पुन्हा निवडून आल्या, साधारण ४९ विरुद्ध ४४ टक्क्यांनी. त्यांना पावणेतीन लाखांच्या आसपास मतं पडली, म्हणजे गोरपेक्षा आठ हजारांवर जास्त. गोरना हवी होती सात हजार दोनशे बारा. शाहीनना मत देऊन त्याच कागदावर गोरना न देणारे काही हजार लोक होते, हे उघड आहे. त्यांचा शोध नेडरच्या रांगेत जितका घ्यायला हवा तितकाच बुशच्या रांगेत.

आणि शाहीनचा विजय सोपा नव्हता. इथे "शपथ" नावाची एक चाल आहे: राज्यपालपदाच्या उमेदवाराने विक्रीकर किंवा आयकर आणणार नाही अशी जाहीर शपथ घ्यायची. न घेणारा पडतो, हा सत्तरच्या दशकापासूनचा अलिखित नियम. शाहीननी १९९६ आणि १९९८ मध्ये ती घेतली, २००० मध्ये नाकारली. कारण होतं क्लेअरमाँट खटल्याचं. शाळांचा खर्च गावाच्या घरपट्टीतून चालायचा, त्यामुळे गरीब गावांना जबर दराने कर लावूनही शाळा धड चालवता येईना. क्लेअरमाँट आणि आणखी काही गावं कोर्टात गेली आणि १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत राज्यघटनेविरुद्ध ठरवली. मग १९९९ मध्ये राज्यस्तरीय घरपट्टी आली आणि पोर्ट्समथसारखी सधन गावं "दाती गावं" ठरली, त्यांच्या घरपट्टीतला पैसा दुसऱ्या गावांच्या शाळांकडे. माझ्या ओळखीचे एक वयस्कर शेजारी घरपट्टीचं बिल शर्टाच्या खिशात घेऊन फिरत आणि भेटेल त्याला काढून दाखवत. अशा वातावरणात करकपात हे ज्याचं मुख्य आश्वासन, तो उमेदवार, म्हणजे बुश, इथे आल्या आल्या घरचा झाला.

दुसरी गोष्ट फेब्रुवारीची. अमेरिकेतली पहिली प्राथमिक फेरी न्यू हॅम्पशायरची असते. १ फेब्रुवारी २००० ला इथे बुश सपाटून आपटले. पक्षातले त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांनी गावोगाव ११४ सभा घेतल्या होत्या, लोकांचे प्रश्न संपेपर्यंत उभं राहून, आणि ४८ विरुद्ध ३० टक्क्यांनी जिंकले. इथे मोठ्या संख्येने मतदार कुठल्याच पक्षाची नोंद करत नाहीत. प्राथमिक फेरीच्या दिवशी ते टेबलाशी येऊन हव्या त्या पक्षाची मतपत्रिका मागतात, मत देतात आणि जाताना सही करून परत बिनपक्षाचे होतात. त्यांचा लोंढा मॅकेनकडे गेला. याचा मार बुशइतकाच डेमोक्रॅट पक्षात गोर यांच्याविरुद्ध उभे असलेल्या बिल ब्रॅडली यांनाही बसला, कारण ते याच मतदारांवर डोळा ठेवून होते. गोर ४ टक्क्यांनी वाचले. पण गोरच्या नावावर बाहेरचा मतदार इथे जमला नाही, हे त्या रात्रीच दिसलं होतं. नोव्हेंबरसाठी ती सूचना होती, आणि बुशकडच्यांनी ती वाचली असावी. वादविवादांच्या तालमीत गोरची भूमिका करून बुशना तयार करणारे गृहस्थसुद्धा न्यू हॅम्पशायरचेच सिनेटर होते, जड ग्रेग.

"मग २००४ मध्ये हेच राज्य डेमोक्रॅट्सकडे कसं आलं? नेडरची मतं परत आली म्हणूनच ना?" हा पुढचा प्रश्न येणार, म्हणून आत्ताच. २००० मध्ये बुशनी जिंकलेलं आणि २००४ मध्ये जॉन केरी यांनी हिसकावलेलं देशातलं हे एकमेव राज्य. केरी ३,४०,५११, बुश ३,३१,२३७, फरक ९,२७४. नेडर ४,४७९. नेडरची मतं १७,७१९ नी घटली आणि दोन मुख्य उमेदवारांमधला झोका १६,४८५ चा. आकडे इतके जवळ की हात शिवशिवतात: ही बघा, नेडरची मतं जशीच्या तशी केरीकडे!

इथेच नवशिके घसरतात. त्या चार वर्षांत एकूण मतदान १,०८,६५७ नी वाढलं. बुशचीच मतं साडेसत्तावन्न हजारांवर वाढली, केरींची गोरपेक्षा ७४ हजारांनी. एवढ्या उलथापालथीत सतरा हजारांचा एक गठ्ठा वेगळा ओळखून "हेच ते" म्हणणं म्हणजे पंढरपूरच्या गर्दीत मागच्या वर्षी दिसलेली टोपी ओळखण्यापैकी. इराक युद्ध सुरू झालं होतं आणि केरी शेजारच्याच राज्याचे सिनेटर होते. काही नेडरवाले नक्कीच केरींकडे गेले, फक्त त्यांच्या कपाळावर तसं लिहिलेलं नसतं. तेव्हापासून २०२४ पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत हे राज्य डेमोक्रॅट्सकडेच राहिलं आहे, २०१६ मध्ये तर अवघ्या २,७३६ मतांनी. १९९२ पासून मोजलं तर रिपब्लिकन विजय एकच, २००० चा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मग असं: न्यू हॅम्पशायर मिळालं असतं तर गोर अध्यक्ष झाले असते, हे शंभर टक्के. नेडर नसते तर न्यू हॅम्पशायर मिळालं असतं, हे साधारण नाणेफेक, आणि नाणं किंचित बुशकडे झुकलेलं. फ्लोरिडाबद्दल तुम्ही हाच प्रश्न विचारला असता तर मी दोन ओळींत हो म्हणून मोकळा झालो असतो.

नेडर यांचा न्यू हॅम्पशायरशी संबंध मात्र तिथे संपला नाही. २००४ च्या निकालानंतर यंत्रांवर शंका घेऊन त्यांनी राज्यातल्या ११ वॉर्डांची हाताने फेरमोजणी मागून घेतली. स्वतः हरलेला, केरी जिंकलेल्या राज्यात, साडेचार हजार मतांचा धनी. राज्याने मतपेट्या उघडल्या, कागद एकेक करून मोजले. यंत्राचे आणि हाताचे आकडे जुळले.